आयझेनहॉवर बोगद्याचा चढ, १५९ अश्वशक्तीचा पिकअप आणि छोटा कॅम्पर ट्रेलर : कितपत झेपेल?

प्रश्न : पायवाट_लेकवूड

नमस्कार. आम्ही कोलोरॅडो राज्यात, डेन्वरला लागूनच पश्चिमेला लेकवूड येथे राहतो. आमच्याकडे २०१९ सालची टोयोटा टॅकोमा आहे. मात्र ती व्ही-६ इंजिनाची नसून २.७ लिटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची, सहा गिअरांची ऑटोमॅटिक गाडी आहे. इंजिनाची ताकद १५९ अश्वशक्ती असून कंपनीने ट्रेलर ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड दिलेली आहे. आम्ही दोघे आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुले असे आमचे कुटुंब. ऑक्टोबरमधल्या पहाटेच्या थंडीत तंबू आता सोसवत नाही, म्हणून वापरलेला छोटा कॅम्पर ट्रेलर घ्यायचे आम्ही ठरवले आहे.

सध्या दोन ट्रेलर नजरेत आहेत. पहिला स्कॅम्प कंपनीचा १३ फुटी, फायबरग्लासच्या गोलाकार अंगाचा असून त्याचे रिकामे वजन सुमारे १,५०० पौंड असल्याचे विक्रेता सांगतो. दुसरा १७ फुटी, पेटीसारख्या चौकोनी आकाराचा आहे. त्यात न्हाणीघर आहे, चौघांना ऐसपैस झोपता येते आणि त्याचे रिकामे वजन २,८०० पौंड आहे. घरातल्यांचा कौल अर्थातच दुसऱ्याला आहे. विक्रेत्याचेही म्हणणे असे की मर्यादा ३,५०० पौंडांची असताना २,८०० पौंडांचा ट्रेलर घेण्यात काहीच अडचण नाही, उलट ७०० पौंड हातचे राखूनच आपण व्यवहार करीत आहोत.

आमचा पहिला मोठा बेत आय-७० महामार्गाने फ्रूटा येथे जाऊन कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंट पाहण्याचा आणि पुढे यूटा राज्यातील मोआबपर्यंत जाण्याचा आहे. या वाटेवर आयझेनहॉवर बोगद्याचा घाट आणि पाठोपाठ व्हेल खिंड लागते. एकटी गाडी घेऊन गेलो तरी तेथे इंजिनाची दमछाक होते, हा अनुभव आहे. माझी शंका अशी की हे इंजिन ट्रेलरसह हा घाट चढू शकेल का, आणि चढले तरी ते सुरक्षित म्हणता येईल का? ज्यांनी कमी ताकदीच्या गाडीने प्रत्यक्ष ट्रेलर ओढला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : घाटमाथा_ग्रँडजंक्शन

नमस्कार. तुम्ही विचारलेल्या रस्त्यावर मी छोटा ट्रेलर घेऊन वर्षानुवर्षे ये-जा करीत आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. इंजिनाची ताकद कमी असली तर तुम्ही सावकाश चढाल, एवढेच होते. जीव धोक्यात येतो तो उतारावर, आणि वजनाची मांडणी चुकली असेल तर. लोक पहिल्याच गोष्टीची चिंता करीत बसतात आणि दुसरीकडे त्यांचे लक्षच जात नाही.

आधी ३,५०० पौंडांच्या आकड्याबद्दल. अमेरिकेत बहुतेक कंपन्या हा आकडा आता 'एसएई जे-२८०७' या मानकानुसार ठरवतात. त्यातील चढाची कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या राज्यमार्ग ६८ वरच्या घाटावर आधारलेली आहे : ११.४ मैलांचा चढ, हवेचे तापमान शंभर अंश फॅरनहाइट, वातानुकूलन पूर्ण चालू, आणि तुमच्यासारख्या पिकअपने वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. कसोटी कडक आहे यात शंका नाही. पण त्या घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांच्या आतच आहे. तुमचा बोगदा ११,००० फुटांवर आहे. शिवाय त्या मानकात गाडीमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. तुम्ही चौघे, मागच्या हौद्यातले सामान, सायकली, शीतपेटी हे सारे त्या आकड्यातून वजा होत जाते. म्हणून विक्रेत्याने सांगितलेले ७०० पौंड तुमच्या हातात मुळात उरतच नाहीत.

आता उंचीचा परिणाम पाहू. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते, कारण हवा विरळ होत जाते आणि सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. म्हणजे तुमचे १५९ अश्वशक्तीचे इंजिन डेन्वरलाच सुमारे १३४ अश्वशक्तीचे झालेले असते, आणि बोगद्याच्या तोंडाशी ते जेमतेम १०६ अश्वशक्तीचे उरते. तेही मिनिटाला ५,२०० फेऱ्यांवर इंजिन ओरडत असताना.

मी दोन्ही ट्रेलरांसाठी ढोबळ हिशेब करून पाहिला. सामानसुमान आणि माणसे धरून तुमची गाडी ४,७०० पौंडांची आणि भरलेला स्कॅम्प १,९०० पौंडांचा धरला, तर एकूण ६,६०० पौंड, म्हणजे साधारण ३,००० किलो वजन होते. सात टक्क्यांच्या चढावर ताशी ४५ मैल वेग टिकवायला चढ, चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून इंजिनातून सुमारे ९० अश्वशक्ती लागते. तुमच्याकडे १०६ आहे, तेव्हा ते जमेल. ताशी ६० मैल मात्र जमणार नाही, कारण त्याला १३० च्या वर अश्वशक्ती लागेल.

१७ फुटी ट्रेलर भरल्यावर ३,४०० पौंडांच्या घरात जाईल आणि एकूण वजन ८,१०० पौंड होईल. त्याच चढावर ताशी ४० मैलांसाठीच सुमारे १०० अश्वशक्ती हवी, म्हणजे इंजिन सतत आपल्या कमाल ताकदीवर पिळून काढावे लागेल. ८,१०० पौंड ही बेरीज तुमच्या पुस्तिकेतील गाडी आणि ट्रेलर मिळून दिलेल्या कमाल वजनाशीही ताडून पाहा.

चौकोनी ट्रेलरचा खरा त्रास मात्र सपाट रस्त्यावर कळतो, आणि याचा कोणी विचार करीत नाही. ग्रँड जंक्शनच्या पुढे यूटाच्या हद्दीत शिरले की उघडे माळरान लागते आणि पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. ताशी २० मैलांचा समोरचा वारा असेल, तर ताशी ६५ मैल वेगासाठी त्या पेटीसारख्या ट्रेलरला दीडशेच्या वर अश्वशक्ती लागते, जी तुमच्या इंजिनाकडे त्या उंचीवर नाही. स्कॅम्पसारख्या गोलाकार, ठेंगण्या ट्रेलरला त्याच वाऱ्यात शंभराच्या आसपास पुरते. वजन एकदाच ओढावे लागते ते चढावर. समोरचे क्षेत्रफळ दिवसभर ओढावे लागते. काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत वजनाबरोबरच ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा देतात ती याचसाठी.

चढताना 'एस' (हाताने गिअर निवडण्याच्या) स्थितीत टाकून तिसरा किंवा चौथा गिअर धरून ठेवावा. 'डी'मध्ये सोडले तर गिअरबॉक्स सतत वरखाली शोधाशोध करते, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणारा भाग) घट्ट जोडला जात नाही आणि त्यातले तेल तापते. गिअरबॉक्स मरते ती उष्णतेने. ओबीडी जोडणीत (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या खोबणीत) लावायचे छोटे ब्लूटूथ यंत्र घ्या आणि फोनवर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दिसेल असे करा. दोनशे अंश फॅरनहाइटपर्यंत निर्धास्त राहा. २२० च्या पुढे जाऊ लागले की वेग कमी करा, खालचा गिअर घ्या. २५० च्या दिशेने जात असेल तर सुरक्षित जागा पाहून थांबा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू राहू द्या म्हणजे तेल फिरत राहून निवते. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर आहे की नाही, हेही गॅरेजमध्ये पाहून घ्या. नसेल तर तो बसवून घेणे हा या सगळ्यातला सर्वांत फायद्याचा खर्च आहे.

उजव्या मार्गिकेतून, लांब पल्ल्याच्या ट्रकांच्या मागे ताशी ४० मैलांनी चढण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि आता उतार. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे दोन हजार फूट खाली उतरायचे असते, तेही सात टक्क्यांपर्यंतच्या उताराने. तेथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी रेतीचे आपत्कालीन चढ का बांधले आहेत, हे एकदा उतरताना पाहिले की सांगावे लागत नाही. तीन हजार किलो वजन दोन हजार फूट खाली आणताना सुमारे ५ युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकांत जिरवू पाहाल तर ब्रेक तापतील, पेडल मऊ लागेल आणि मग काहीच हाती राहणार नाही. कसारा घाटात ट्रकचालक पाळतात तोच नियम येथे लागू आहे : ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा. बोगद्यातच गिअर खाली आणा. बाहेर पडल्यावर वेग वाढू लागला आणि मग गिअर शोधला, असे करू नका. ब्रेक सतत हलकेच दाबून धरू नयेत. वेग पाच-सात मैलांनी वाढला की ठाम दाबून तो खाली आणावा आणि पाय पूर्ण काढून ब्रेकांना निवू द्यावे.

परतीच्या प्रवासात बोगदा पार झाला म्हणजे सुटलो, असे समजू नका. फ्लॉइड हिल आणि त्यानंतर जेनेसीपासून डेन्वरकडे उतरणारा सहा टक्क्यांचा लांबलचक उतार शेवटी येतो. तेव्हा माणूस थकलेला असतो, समोर शहर दिसत असते आणि घाई झालेली असते.

या सगळ्याचा विचार करून माझे स्पष्ट मत असे की तुमच्या गाडीला १३ फुटी स्कॅम्प योग्य आहे आणि १७ फुटी नाही. न्हाणीघराची उणीव छावणीच्या जागांवरील सोयींनी बरीचशी भरून निघते.

उत्तर : सह्याद्री_सॅनहोजे

घाटमाथा यांनी लिहिलेले सर्व पटले. मी हायब्रीड गाडीचा अनुभव जोडतो, कारण हल्ली अनेक मराठी कुटुंबे फोर्ड मॅव्हरिक घेत आहेत आणि हाच प्रश्न त्यांनाही पडतो.

माझी मॅव्हरिक २.५ लिटर हायब्रीड असून दोन्ही शक्ती मिळून १९१ अश्वशक्ती आणि ओढण्याची मर्यादा २,००० पौंड आहे. मी तिने थेंबाच्या आकाराचा लहान ट्रेलर ओढतो, जो भरल्यावर १,३०० पौंडांच्या आसपास भरतो. आय-८० ने डॉनर शिखरापर्यंत, म्हणजे ७,२३९ फुटांपर्यंत चढताना लक्षात घ्यायची गोष्ट अशी की १९१ हा आकडा बॅटरीत वीज असेपर्यंतचा आहे. लांब चढावर बॅटरी रिती झाली की मागे उरते ते १६२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, आणि तेही उंचीमुळे घटलेले. उतारावर उलटे घडते : सुरुवातीला मोटरच ब्रेकचे काम करून बॅटरी भरते आणि फार सुखाचे वाटते, पण बॅटरी भरली की ती सोय संपते आणि इंजिनाच्या ब्रेकिंगवर व खऱ्या ब्रेकांवर यावे लागते. म्हणून उताराच्या सुरुवातीपासूनच, बॅटरी भरण्याची वाट न पाहता, मी गिअर 'एल'मध्ये, म्हणजे इंजिनाचा ब्रेक मिळणाऱ्या खालच्या स्थितीत ठेवतो.

ज्यांना अधिक ताकद हवी आहे त्यांच्यासाठी याच गाडीचे २.० लिटरचे टर्बो इंजिन आहे. ते सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत २५० अश्वशक्तीचे असून ट्रेलरचा खास संच घेतला तर ४,००० पौंड ओढते. टर्बो इंजिन उंचीवर साध्या इंजिनाच्या मानाने बरेच कमी मंदावते, ही गोष्ट कोलोरॅडोत राहणाऱ्यांनी नवी गाडी घेताना ध्यानात ठेवावी.

आणखी एक : कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. आधी ती जाचक वाटते, पण मला आता ताशी ५५ मैल हाच नैसर्गिक वेग वाटतो. पेट्रोल वाचते, गिअरबॉक्स शांत राहते, आणि मुख्य म्हणजे ट्रेलर डोलत नाही. ट्रेलरच्या 'एसटी' शिक्क्याच्या बऱ्याच टायरांची मर्यादा तशीही ताशी ६५ मैलच असते, मग रस्त्याची वेगमर्यादा ७५ असो की ८०.

उत्तर : नदीकाठ_हॅनोव्हर

मी जर्मनीतून लिहीत आहे. येथे १,००० किलोचा ट्रेलर साध्या मोटारीमागे लावून लोक आल्प्स पार करतात, आणि अमेरिकेत राहणारे मित्र ते ऐकून चकित होतात. फरकाचे एक मोठे कारण वेगात आहे. येथे ट्रेलरसह ताशी ८० किलोमीटर ही मर्यादा असून ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या जोडीलाच १०० ची परवानगी मिळते. वेग कमी असल्यामुळे हिचच्या (ट्रेलर अडकवण्याच्या गाडीमागील जोडाच्या) गोळ्यावर ७५ ते १०० किलो एवढाच भार ठेवूनही ट्रेलर स्थिर राहतो. अमेरिकेत त्याहून बऱ्याच जास्त वेगाने ओढतात, म्हणून तेथे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर ठेवायला सांगतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र युरोपातले भाराचे आकडे घेऊन अमेरिकेतल्या वेगाने जाऊ नये.

पायवाट_लेकवूड

सर्वांचे मनापासून आभार. घरात हे सगळे वाचून दाखवले आणि १३ फुटी स्कॅम्पवर एकमत झाले. आता दोन शंका उरतात. गोळ्यावर १० ते १५ टक्के भार हवा, असे सगळे म्हणतात. तो घरच्या घरी मोजायचा कसा? आणि आम्ही चार सायकली ट्रेलरच्या मागच्या बाजूला रॅकवर लावणार होतो, ते चालेल का? या ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक आहेत, परंतु आमच्या गाडीला मागे फक्त चार पिनांची चपटी जोडणी आहे. ती पुरेशी आहे का, हेही सांगावे.

उत्तर : घाटमाथा_ग्रँडजंक्शन

सायकली मागे लावू नका. हे सर्वांत आधी आणि ठासून सांगतो.

बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रेलरचेही नेमके तेच होते. १३ फुटी ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला रॅकसह शंभर-सव्वाशे पौंड टांगले, तर ते धुरीच्या इतके मागे असतात की गोळ्यावरचा भार तरफेच्या न्यायाने पन्नास-साठ पौंडांनी सहज उतरतो. त्यातच ते वजन टोकाला असल्याने ट्रेलर एकदा आडवा हलू लागला की त्याला थांबवणे अवघड जाते. चार सायकली गाडीच्या हौद्यातच ठेवा.

भार मोजण्याची पद्धत सोपी आहे. घरातला माणसांचे वजन करण्याचा काटा, सुमारे चार फुटांची जाड फळी आणि लोखंडी नळीचे दोन तुकडे घ्या. ट्रेलर पूर्ण भरलेला हवा : पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, भांडीकुंडी, अंथरुणे, सगळे प्रवासात असते तसे. चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. फळीचे एक टोक नळीच्या तुकड्यावर, काट्याइतक्याच उंचीच्या विटांच्या थरावर टेकवा आणि दुसरे टोक दुसऱ्या तुकड्यावर, काट्याच्या मधोमध. या दोन आधारांमध्ये बरोबर तीन फुटांचे अंतर ठेवा. आता ट्रेलरच्या दांडीचे टोक विटांकडच्या आधारापासून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर, फळीवर उतरवा. काट्यावर जे वजन दिसेल, त्यातून नुसती फळी ठेवलेली असताना काटा दाखवतो ते वजन वजा करून आलेला आकडा तीनने गुणा. वजाबाकीनंतर ७६ पौंड उरत असतील, तर गोळ्यावरचा भार २२८ पौंड, म्हणजे १,९०० पौंडांच्या ट्रेलरचा १२ टक्के. हाच आकडा तुम्हाला हवा आहे. मोजताना ट्रेलर जमिनीला समांतर राहील याची काळजी घ्या, कारण दांडी वर किंवा खाली असली तर आकडा बदलतो.

भार कमी भरला तर जड सामान धुरीच्या किंचित पुढे सरकवा. पाण्याचा विसर पडू देऊ नका : एक गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पौंड, म्हणजे २० गॅलन भरले की १६७ पौंड झाले. टाकी धुरीच्या पुढे आहे की मागे, त्यावर भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचा हिशेब वेगळा येतो. फ्रूटाला पाणी मिळते, तेव्हा घाट चढताना टाकी भरून नेण्याची गरज नाही.

गोळ्यावरचे हे २२८ पौंड गाडीच्या पेलोडमध्ये धरायचे असतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून कमाल किती वजन चालेल ते छापलेले असते. तुम्ही चौघे, सायकली, हौद्यावरचे झाकण, शीतपेटी आणि हे २२८ पौंड यांची बेरीज त्या आकड्याच्या आत हवी. शंका नको म्हणून एकदा सगळे भरून महामार्गावरच्या ट्रकथांब्यावरील वजनकाट्यावर जा. पुढची धुरी, मागची धुरी आणि ट्रेलरची धुरी अशी तीन वजने वेगवेगळी मिळतात, आणि खर्च किरकोळ असतो.

ट्रेलर डोलू लागलाच तर काय करायचे, हे घरातल्या दोन्ही चालकांना तोंडपाठ हवे. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचे नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढायचा आणि ब्रेक कंट्रोलरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. त्यामुळे ट्रेलर मागे ओढला जातो, दोन्ही वाहने एका रेषेत येतात. नंतर सुरक्षित जागी थांबून भार पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. डोलणारा ट्रेलर आपोआप सुधारत नाही.

आणि जुना ट्रेलर घेत आहात, म्हणून टायरांची तारीख पाहा. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१७ असेल तर तो २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने आणि उन्हाने कुजतात. नक्षी कितीही कोरी दिसली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी या घाटात नेणार नाही. नवे टायर घ्या, त्यांत बाजूवर छापलेला कमाल दाब थंड असताना भरा, आणि चाकांच्या बेअरिंगना नवे ग्रीस भरून घ्या. प्रवासात पहिल्या थांब्यावर प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन पाहा. कोमट असेल तर ठीक. हात जवळ ठेववत नसेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे.

थेट मोआबला जाण्याआधी एखाद्या शनिवारी यूएस-२८५ ने केनोशा खिंडीपर्यंत जाऊन या. खिंड १०,००० फुटांवर आहे, वाटेत बेलीजवळ चांगला तीव्र उतार मिळतो, आणि आय-७० च्या मानाने मागच्या गाड्यांचा दाब कमी असतो.

उत्तर : तारयंत्र_ऑरोरा

चार पिनांच्या जोडणीबद्दल मी लिहितो, कारण वाहनांच्या विद्युत जोडण्या हेच माझे काम आहे.

चार पिनांची जोडणी पुरेशी नाही. तिच्यात मागचे दिवे, डावा आणि उजवा इशारा-ब्रेक दिवा आणि अर्थिंग एवढ्याच तारा असतात. ट्रेलरच्या ब्रेकांना वीज देणारी तार तिच्यात नसते. म्हणजे ती लावली तर ट्रेलरचे दिवे लागतील, सगळे ठीक दिसेल, आणि ब्रेक मात्र कधीच लागणार नाहीत. तुम्हाला सात पिनांची गोल जोडणी आणि गाडीत चालकाच्या हाताशी ब्रेक कंट्रोलर बसवावा लागेल. कंट्रोलरला चार तारा लागतात : बॅटरीतून सर्किट ब्रेकरमार्गे येणारी वीज, अर्थिंग, ब्रेक पेडलच्या स्विचकडून येणारा संकेत, आणि ट्रेलरकडे जाणारी तार. कंट्रोलर प्रमाणबद्ध प्रकारचाच घ्या. तो गाडीचा वेग किती जोरात कमी होतो आहे ते ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावतो. ठरावीक वेळाने जोर वाढवत नेणारे स्वस्त प्रकार घाटासाठी नकोत.

बसवल्यावर मोकळ्या, कोरड्या आवारात ताशी २०-२५ मैलांनी जाऊन फक्त हाताची कळ पूर्ण दाबा. ट्रेलरची चाके जाम होत असतील तर जोर थोडा कमी करा. काहीच जाणवत नसेल तर वाढवा. चाके जाम होण्याच्या किंचित अलीकडे तो ठेवायचा. ट्रेलर रिकामा असताना केलेली ही जुळणी भरलेल्या ट्रेलरला लागू पडत नाही, हे लक्षात असू द्या.

ट्रेलरच्या दांडीवर एक छोटा स्विच असतो, ज्याची दोरी गाडीला अडकवलेली असते. ट्रेलर निसटला तर दोरी खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. जुन्या ट्रेलरमध्ये या स्विचला वीज देणारी बॅटरी बहुधा मेलेली असते. खरेदीच्या वेळीच सात पिनांची जोडणी काढून ठेवा, पिन ओढा आणि ट्रेलर हाताने ढकलून पाहा. चाके फिरली तर विक्रेत्याशी किमतीबद्दल पुन्हा बोला.

शेवटी जोडणीचे. कपलरवर (गोळ्यावर बसणाऱ्या, दांडीच्या टोकाच्या पकडीवर) गोळ्याचा व्यास ठसवलेला असतो, एक पूर्णांक सात अष्टमांश इंच किंवा दोन इंच. गोळाही त्याच मापाचा हवा. लहान गोळ्यावर मोठा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उसळून निघतो. कुलूप लावल्यावर दांडीचा जॅक फिरवून गाडीची मागची बाजू दोन इंच वर उचलली जाते का ते पाहा. उचलली गेली तर कपलर पकडलेला आहे. मग साखळ्या दांडीखालून फुली करून लावा, म्हणजे दांडी निसटलीच तर ती रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल, आणि जॅक पूर्ण वर घ्यायला विसरू नका.